झोपेत चालणारं घराणं

संपादकांनी फोनवर 'हृद्य' हा शब्द दोनदा वापरला. लहान मुलांच्या मेंदूची डॉक्टर म्हणून तुम्ही नवी मुंबईत एवढी वर्षं काढलीत, तर दिवाळी अंकासाठी एखादा हृद्य अनुभव लिहा. मी म्हटलं, माझ्याकडे चीड आणणारे अनुभव आहेत, चालतील का? ते मनापासून हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मला विनोदी समजणारी माणसं फारशी भेटत नाहीत, म्हणून मी हो म्हणून टाकलं.

माझा दवाखाना सीवूड्सला होता. खाली केकचं दुकान, वर मी. मुलं जिना चढताना माझ्या भीतीने रडायची आणि उतरताना केकसाठी. मधल्या वेळात त्यांचे आईवडील त्यांच्या मुलाला काय झालंय ते मला समजावून सांगायचे. हे मी कुत्सितपणे म्हणतेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. आईवडिलांचं ऐकून घेणं हा आमच्या धंद्याचा पायाच आहे. पण त्यांनी पाहिलेलं सांगावं अशी अपेक्षा असते. हल्ली पाहिलेलं कोणी सांगत नाही, वाचलेलं सांगतात. "मॅडम, ह्याला ना स्लीप डिसऑर्डर आहे." अरे बाबा, त्याला काय आहे ते मी बघते, तो काय करतो तेवढं तू सांग. इथे गाडी अडते. "काय करतो म्हणजे... विचित्रच करतो ना मॅडम." आणि मग मोबाइल पुढे सरकतो.

रात्री झोपेत मूल उठतं आणि काहीतरी करतं, हे काय आहे, एवढा एकच प्रश्न मी आयुष्यभर सोडवत बसले असं कधी कधी वाटतं. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सरळ सांगते. काही मुलं गाढ झोपेतून अर्धवट जागी होतात. डोळे उघडतात, पाय चालू लागतात, बाकीचं मूल झोपलेलंच असतं. ते दाराची कडी काढतं, बाथरूम समजून कपाट उघडतं, काही विचारलं तर भलतंच उत्तर देतं आणि पुन्हा येऊन आडवं होतं. हे बहुधा झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत होतं, रात्रीतून बहुतेक एकदाच, आणि ते सावकाश, बराच वेळ चालतं. आज एक करेल, उद्या दुसरंच. सकाळी त्याला काही आठवत नाही. घरात आधीच्या पिढीत कोणीतरी असंच चालणारं असतं. दाराला उंचावर कडी लावा, गॅलरी बंद ठेवा, पोराला वेळेवर झोपवा आणि ते मोठं होईपर्यंत धीर धरा, हाच उपचार. हा उपचार ऐकून पालक नाराज होतात. एवढं पार्किंग शोधून वर आलो आणि बाई कडी लावायला सांगते!

दुसरी गोष्ट म्हणजे फिट. फिट म्हटलं की आपल्याकडे तोंडाला फेस, नाकाला कांदा आणि चप्पल एवढंच लोकांना माहीत. मेंदूच्या पुढच्या भागातून झोपेत येणारी फिट पुष्कळदा तशी दिसतच नाही. मूल एकदम उठून बसतं, हात ताठ करतं, सायकल चालवल्यासारखे पाय मारतं, ओरडतं. एखादं उठून धावतंसुद्धा. जितक्या अचानक सुरू होतं तितक्याच अचानक संपतं. पण त्याच रात्री पुन्हा होतं, आणि पुन्हा. आणि दर वेळी तेच होतं. तोच हात, तोच आवाज, तोंड त्याच बाजूला. मेंदूचा आलेख काढला तर तो कित्येकदा स्वच्छ येतो, कारण बिघाड खोल असतो आणि मूल त्या वेळी शांत बसलेलं असतं. दोन्हींतला फरक दर वेळी इतका सोपा नसतो, मलाही कधी कधी महिनोन् महिने सांगता आलेला नाही. पण निदान बघायचं काय ते ठाऊक असावं, एवढीच माझी माफक मागणी असते.

ती किती अवास्तव आहे ते खांदेश्वरच्या एका मुलाने मला शिकवलं. हा मुलगा रात्री उठायचा, शांतपणे दारापाशी जायचा आणि चपलांच्या रॅकमध्ये लघवी करायचा. एका थोर तज्ज्ञांनी त्याच्या आलेखावर एक बारीकशी टोकदार रेघ पाहिली आणि त्याला फिटचं औषध लावलं. तो ते बरीच वर्षं घेत होता. वर्गात पेंगत होता, जाड होत होता आणि रॅक भिजवत होता. मी वडिलांना विचारलं, "दर वेळी त्याच चपलेत करतो का?" ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "नाही हो मॅडम, दर वेळी वेगळ्या. माझे ऑफिसचे शूज, हिच्या सँडल, एकदा तर पाहुण्यांचे बूट." म्हटलं, फिट एवढी निवड करत नाही. त्याचं औषध हळूहळू उतरवलं. मुलगा मोठा झाला आणि रॅक कोरडा राहू लागला. त्या थोर तज्ज्ञांनी रेघ पाहिली होती. रॅकबद्दल त्यांनी विचारलंच नव्हतं. रिपोर्ट वाचता येणं म्हणजे रोगी वाचता येणं, असं मानणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना या दिवाळीला माझ्या शुभेच्छा.

आणि तो मोबाइल. व्हिडिओ हे आम्हाला मिळालेलं वरदान आहे, लोकांच्या हाती पडेपर्यंत. मला सुरुवात हवी असते, कारण पहिली हालचाल कुठल्या हाताची यात अर्धं निदान असतं. मला शेवट हवा असतो, कारण मूल चटकन भानावर येतं की गोंधळलेलं राहतं यात उरलेलं अर्धं असतं. पालक नेमकं हेच दोन्ही कापतात. "सुरुवातीला काही नव्हतं मॅडम, आणि शेवटी नुसती झोपलीय, म्हणून ट्रिम केलं. ग्रुपवर जड फाइल जात नाही ना." सोसायटीच्या ग्रुपवर आधी, डॉक्टरकडे नंतर. तिथे हळद, जायफळ, रामरक्षा आणि 'आमच्या मामेभावाला असंच होतं' हे सगळं होऊन मग माझा नंबर.

आता जासईच्या तन्वीबद्दल सांगते. तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

जासईहून ते दोन गाड्या भरून आले. वडील जगदीश, कंटेनर यार्डात त्यांचे ट्रेलर चालतात. आई सुप्रिया, पनवेलची, शिकलेली, चटपटीत. काका-काकू. काकांचा मुलगा वेदांत, आठ वर्षांचा. आणि सगळ्यांच्या पुढे आजी. मोठं एकत्र घर, एका छताखाली दोन भाऊ, आणि त्या घराचा एक नियम होता जो मला पहिल्या दिवशी गंमतीचा वाटला: एका पोराला जे आणायचं ते दुसऱ्याला आणायचंच. दोघांना सारखी सायकल, सारखा डबा, सारखे बूट. म्हणूनच दोघांना दाखवायला आणलं होतं. दहा वर्षांची तन्वी खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि एकेका वाक्याला तिच्या पापण्या मिटत होत्या.

आजीने खुर्ची पुढे ओढून प्रस्तावना केली. "आमच्या घरान्याचं हाय हे, डाक्टरीन बाय. ह्यांचा आजा झोपेतच मिठागरावर जायाचा. सकाली उठला का पाय खारवलेले. आमी वलखायचो, रातचा फिरून आला." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर कसली लाज नव्हती. उलट मोठा थाट होता. दुसऱ्यांच्या घराण्यात पाटीलकी असते, ह्यांच्या घराण्यात हे होतं.

वेदांतचं सगळं ठाकठीक जमलं. तो उठून जिना उतरायचा, गाड्या लावतात तिथे जाऊन ट्रेलरच्या चाकाला टेकून बसायचा, एकदा फ्रिज उघडून कोथिंबीर खाताना सापडला. सकाळी त्याला पत्ता नसायचा. आजोबांचा नातू शोभला. मग मी तन्वीकडे वळले.

"ही रात्री काय करते?"

"चालते," जगदीश म्हणाले.

"कुठे?"

सुप्रियाने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे मॅडम, तशी बेडवरच असते ती. उठून बसते, हात वर जातो, पाय मारते जोरजोरात. मग परत पडते."

"रात्रीतून एकदा?"

"नाही हो. सारखं सारखं. कधी तर माझा डोळा लागायच्या आत परत."

"मग चालते कुठे?"

"आम्ही चालणंच म्हणतो त्याला," सुप्रिया म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

मी माणसांवर ओरडते अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी ओरडले नाही, कारण ओरडायला शब्दच सुचेनात. ती पोर एक पाऊलही चालत नव्हती. घरात चालण्याची परंपरा होती, चुलतभाऊ चालत होता, म्हणून तीही चालते असं ठरलं, आणि ते ठरल्यावर कोणी तिच्याकडे बघायचं कारणच उरलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी न तपासता 'मोठी झाली की थांबेल' सांगितलं. शाळेतल्या बाईंनी 'आळशी आहे, वर्गात झोपते, ह्या वर्षी त्याच वर्गात बसवावं लागेल' सांगितलं. आलेख स्वच्छ आला होता. तो जगदीशनी लॅमिनेट करून आणला होता, गाडीचं आरसी बुक ठेवावं तसा. व्हिडिओ दाखवला तर सुरुवात कापलेली, शेवट कापलेला, आणि मधल्या तुकड्यावर एक भक्तिगीत चढवलेलं. म्हटलं गाणं कोणी घातलं? काका अभिमानाने म्हणाले, "आपोआप येतं ते ॲपमधून."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. आजी सहज निघेना. तिला वाटलं, पोरीला एकटीला गाठून मी काही टोचणार. शेवटी खालून केक आणायचं काम तिच्याकडे दिलं तेव्हा ती उठली. दार लावलं आणि तन्वीच्या समोर बसले.

"तुला रात्री काय होतं गं?"

तिने दाराकडे पाहिलं. "मी चालते."

"ते सगळ्यांनी सांगितलं. तुला काय होतं ते विचारतेय."

मग तिने गळ्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "आधी इथे कोणीतरी आवळतं. मग हा हात जातो वर."

"तू नेतेस?"

"नाही. तो जातो. मग पाय."

"तेव्हा तू झोपलेली असतेस ना?"

"नाही. मी जागी असते. मम्मी लाइट लावते ते दिसतं. पप्पा मोबाइल धरतात ते पण दिसतं. बोलता येत नाही फक्त."

अशा फिटमध्ये काही मुलांना सगळं कळत असतं, हे पुस्तकात छापलेलं आहे. पण ते असं समोर बसून, तळपाय एकमेकांवर घासत, एक दहा वर्षांची मुलगी सांगते तेव्हा पुस्तक आठवत नाही. मी विचारलं, आईला सांगितलंस का हे?

"सांगितलं. तर सगळे म्हणाले, चालणाऱ्याला काही आठवत नाही. वेदूला नाही आठवत. तुला आठवतं म्हणजे तू मुद्दाम करतेस." मग खाली बघत म्हणाली, "म्हणून आता मी सांगते की आठवत नाही."

मला आजवर पुष्कळ गोष्टींचा राग आला, पण त्या वाक्याइतका कशाचा आला नाही. रात्री स्वतःचं अंग आपलं ऐकत नाही, हे ती जागेपणी भोगत होती, रोज, एकाहून अधिक वेळा. आणि सकाळी खरं बोललं तर नाटकी ठरते म्हणून खोटं बोलायला शिकली होती. तिच्याभोवती जीव लावणारी सहा माणसं होती, दोन गाड्या होत्या, लॅमिनेट केलेला कागद होता. तिला विचारणारं कोणी नव्हतं.

मी सगळ्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, ही चालत नाही. हिला फिट येतात.

"हलू बोल," आजी दाराकडे बघत म्हणाली. हातात केकचा डबा तसाच.

मग जो सौदा सुरू झाला त्याची मला सवय आहे, पण इतका खणखणीत सौदा क्वचित झाला. जगदीश म्हणाले, "मॅडम, औषध तुम्हाला हवं ते द्या, आम्ही कायम देऊ. पण कागदावर चालणं लिहा." काकू म्हणाल्या, लोक घरात पोरी देताना आणि घरातून नेताना हे सगळं बघतात. आजीने पदर डोळ्यांना लावला. "पोरीची जात हाय. चालते म्हटलं तं कोन नाय बोलायचा, आजा चालायचा, सगल्या गावाला म्हाईत हाय. फिट म्हटलं का उद्या हिला कोन करील?"

"आजी, ती दहा वर्षांची आहे."

"आता हाय. नंतर नाय राहायची."

म्हणजे रोग कुठला आहे हे मेंदू ठरवत नव्हता, लग्नाच्या हळदीला कोण काय म्हणेल ते ठरवत होतं. मुलाला आली तर फिट, मुलीला आली तर घराणं. मी म्हटलं, कागदावर जे आहे ते लिहीन, तुम्हाला नको असेल तर दुसरा डॉक्टर शोधा, नवी मुंबईत हवं ते लिहून देणारे पुष्कळ आहेत. सुप्रिया तेवढी उठली. तिने तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लिहा मॅडम." त्या बाईबद्दल माझ्या मनात जो थोडा आदर आहे तो त्या दोन शब्दांचा.

तन्वीला एका रात्रीसाठी रुग्णालयात ठेवून कॅमेरा आणि आलेख दोन्ही लावले. सकाळी चहा घेत मी ते पडद्यावर बघितलं. तेच, तेच, पुन्हा तेच. हात वर, मान डावीकडे, पाय सुरू, आणि बंद. प्रत्येक वेळी संपल्यावर पोर लगेच डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघायची, कोणी पाहिलं का, अशा नजरेने. जगदीशना शेजारी बसवून सगळं दाखवलं, न कापता, गाण्याशिवाय. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ही आमच्याकडे बघायची का अशी, आम्ही शूटिंग करताना?" मी म्हटलं, तो भाग तुम्ही ट्रिम केला होता.

गोळ्या सुरू झाल्या आणि फिट भराभर कमी झाल्या. अशा फिटना कधी कधी साधंच औषध चांगलं लागू पडतं. शाळेतल्या त्याच बाईंना 'मुलगी एकदम हुशार झाली' असा साक्षात्कार झाला. मला वाटलं, चला, निस्तरलं. मला असं वाटणं हेच मुळात भोळेपणाचं.

काही महिन्यांनी जगदीशचा फोन. "मॅडम, परत चालू झालं. पहिल्यासारखंच. औषध लागू नाय पडत. आई बोलते, ते नाटकच असेल, तुमच्यासमोर पण केलं असेल. पनवेलला एक जण आहे, अंगारा देतो. तिकडे घेऊन चाललोय." मी म्हटलं, अंगाऱ्याच्या आधी इकडे आणा, नाहीतर मी जासईला येईन आणि ते तुम्हाला परवडणार नाही.

ते आले. पुन्हा दोन गाड्या. मी कोणाला काही विचारलं नाही. सरळ तन्वीला आत घेतलं आणि दार लावलं.

"गोळी घेतेस का रोज?"

"घेते." मग घुटमळली. "अर्धी घेते. अर्धी वेदूला देतात."

मी दार उघडलं. वेदांत बाहेर भिंत धरून उभा होता, चेहरा पांढरा, नुकताच बेसिनवर उलटी करून आलेला. गेले कित्येक दिवस तो भेलकांडत होता आणि घरात सगळे त्याला 'उन्हात खेळतो' म्हणत होते.

"ही गोळी याला कोणी दिली?"

काकू आजीकडे बघू लागल्या. आजी मुळीच कचरली नाही. "मी दिली. एकाच रगताची पोरं. एकीला औषध नि एकाला नाय, हे बरं दिसतं का? उद्या धाकट्या सुनंला वाटंल, सासू दुजाभाव करते. म्हनून अर्धी अर्धी. दोघांचं काम झालं."

दोघांचं काम झालंच होतं. ज्याला रोग नव्हता तो औषधाने आजारी, आणि जिला रोग होता तिला औषध पुरेना. समान वाटणीचा एवढा चोख निकाल मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मी ओरडले. खालच्या केकवाल्याने नंतर मला सांगितलं की त्याच्या गिऱ्हाइकांनी वर बघितलं होतं. मी आजीला म्हटलं, एकाला चष्मा लागला तर दुसऱ्याला लावाल का? एकाचा पाय मोडला तर दुसऱ्याच्या पायाला प्लास्टर? आणि हे सगळं ही पोर रोज बघत होती, तिला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. विचारायचं सोडून तुम्ही तिला अंगाऱ्याला घेऊन निघालात!

आजी खाली बसली. थोड्या वेळाने तन्वीकडे न बघता म्हणाली, "बाय, तू बोलली का नाय गं?"

तन्वी म्हणाली, "बोलले. तू म्हणालीस, वाटून घेतलेलं चांगलं."

वेदांतच्या गोळ्या मी स्वतः लक्ष ठेवून बंद केल्या. तन्वीची मात्रा पूर्ववत केली, ती सुप्रियाच्या हातात दिली आणि बजावलं की ही पोर औषधाबद्दल जे सांगेल ते आधी खरं धरायचं. तिच्या फिट पुन्हा आटोक्यात आल्या. वेदांतचं चालणं पुढे वयाप्रमाणे आपोआप थांबलं. त्याचं श्रेय त्या घरात आजही अर्ध्या गोळ्यांना दिलं जातं, आणि गावात तन्वीबद्दल आजही 'लहानपणी चालायची' असंच सांगतात. म्हणजे इतकं सगळं होऊनही घराणं जिंकलं. डॉक्टरकी करून माणसांचे मेंदू बदलत नाहीत, एवढं मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकायला हवं होतं. खंत वाटते ती याचीच. एवढ्या वर्षांत शेकडो घरांना मी एकच गोष्ट सांगत राहिले, पोराला विचारा, आणि ती ऐकणारी घरं माझ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील.

गेल्या वर्षी मी दवाखाना बंद केला. शेवटच्या महिन्यात तन्वी तपासणीला आली. आता ती आजीच्या खांद्याच्या वर गेलीय, फिट येऊन खूप काळ लोटला, आणि औषध कमी करत न्यायची वेळ आली होती. बरोबर एकटी आजी होती. मी आत कुणाशी तरी बोलत होते, दार अर्धं उघडं राहिलं होतं. बाहेरच्या बाकावर एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसल्या होत्या, नव्या टॉवरमधल्या असाव्यात, सारखा मोबाइल चाळत होत्या. आजीने स्वभावाप्रमाणे चौकशी केली. त्या बाई आवाज उतरवून म्हणाल्या, "झोपेत काहीतरी करते हो ही. सगळे म्हणतात, झोपेत चालण्यातलाच प्रकार आहे."

"मंग टेन्शन घेऊ नका," आजी म्हणाली. "आमची पन चालायची. आता बगा कशी हाय."

"आजी," तन्वीचा आवाज आला. "मी कधीच चालले नाही."

"हलू बोल गं."

"का हळू? चालायचा वेदू. मला फिट यायच्या. मी जागी असायचे, मला सगळं दिसायचं आणि मी सांगायचे, तर तुम्ही म्हणायचात नाटक करते." ती ओरडत नव्हती. शाळेत धडा वाचावा तशी सलग बोलली. मग त्या बाईंना म्हणाली, "काकी, तुम्ही हिला विचारलं का, हिला काय होतं ते?"

आजी काही बोलणार असं मला वाटलं. मी वाट बघत होते, गरज पडली तर बाहेर जाऊन आवाज चढवायच्या तयारीने. पण गावात जे कधी सांगितलं नाही ते त्या अनोळखी बाईला तिने सांगितलं. "खरं हाय. फिटच यायची तिला. आमी नाय इचारला."

त्या बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि लेकीकडे तोंड करून बसल्या. "सोनू, तुला काय होतं गं रात्री?"

त्या मुलीने आधी मागे वळून बघितलं, आई दुसऱ्या कोणाला विचारतेय की काय म्हणून. मग बोलायला लागली. पुढचा पेशंट बोलवायला मी बेलवर बोट ठेवलं होतं, ते काढून घेतलं.